उसन्याचा रकाना

तारीख १ फेब्रुवारी २००४, रविवार. रक्कम एक हजार आठशे पन्नास रुपये. हजर: आमचे पाळक, चर्चचे सेक्रेटरी, कमिटीचे इतर सहा सभासद आणि मुले धरून एकशे बारा माणसे. तिसऱ्या बाकावर खिडकीकडे माझी आई आणि तिच्या शेजारी मावशी. ही मावशी नात्यातली नव्हती. आईची मैत्रीण होती, आमच्यासारखीच विदर्भातून रायपूरला आलेल्या मराठी ख्रिस्ती घरातली. मला कळू लागल्यापासून मी तिला मावशी म्हणत आलो.

त्या वर्षी मी चर्चचा नवा खजिनदार होतो. उपासना संपल्यावर वर्षाचा हिशेब वाचून दाखवायची पद्धत होती. माझ्या आधीचे खजिनदार गरीब फंडाची फक्त बेरीज वाचत आणि मग मागच्या बाकांवर कुजबुज चाले, की हा पैसा कमिटीच्या ओळखीतल्यांनाच मिळतो. मी सरकारी कचेरीत हिशेबाच्या शाखेत काम करत होतो. मला कुजबुज सहन होत नसे. म्हणून मी ठरवले, की नाव, कारण आणि रक्कम, तिन्ही वाचायचे.

सातवी नोंद मावशीची होती. तिच्या नवऱ्याच्या दफनासाठी मदत: पेटी अकराशे, खड्डा तीनशे, गाडी अडीचशे, कापड आणि फुले दोनशे, एकूण अठराशे पन्नास. मी ते मोठ्याने वाचले, कारण आदल्या वर्षी मागे बसलेल्यांना ऐकू आले नव्हते अशी तक्रार होती.

वाचताना मी मान वर केली नाही. पुढचे मला बायकोने नंतर सांगितले. सातव्या नोंदीला आईने मावशीच्या मांडीवर हात ठेवला. मावशीने तो हात हळूच उचलला आणि आईच्याच मांडीवर परत ठेवला.

दारात मावशी सगळ्यांना भेटली. मलाही 'जय मसीह की' म्हणाली. पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आमच्या चर्चमध्ये ती पुन्हा कधी बसली नाही.

मावशीचा नवरा फर्निचरला पॉलिश करायचा. छत्तीसगड वेगळे राज्य होऊन रायपूर राजधानी झाली आणि त्याच्या हाताला एवढे काम आले की तो रविवारसुद्धा धरू लागला. जुन्या इमारतींत रातोरात कचेऱ्या उघडल्या होत्या, साहेब लोक भोपाळहून सामान घेऊन येत होते, प्रत्येकाला टेबल चकाकणारे हवे होते. तीन वर्षे त्याने बंद खोल्यांमध्ये स्पिरिटच्या वासात काम केले. खोकला लागला, तो थांबला नाही. २००३ च्या डिसेंबरात, नाताळाला नऊ दिवस असताना, तो गेला. पैसे होते ते औषधाला गेले होते. सकाळी सात वाजता आई माझ्याकडे आली, किती लागतील ते तिने बोटांवर मोजून सांगितले, मी फंडाच्या डब्यातून तेवढे दिले आणि ती पदरात बांधून तेलीबांध्याला मावशीच्या घरी गेली.

यात मला काही चुकले असे वाटत नव्हते. आजही आकडा चुकलेला नाही.

मावशीची आठवण मला रविवारपेक्षा शनिवारची जास्त येते. आमच्याकडे बायका रोज भात टाकताना धुवायच्या आधी एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकत. याला मूठदान म्हणत. शनिवारी सगळ्यांचे डबे आमच्या ओसरीवर रिकामे होत, कारण चर्चला सगळ्यात जवळचे घर आमचे. तो तांदूळ रविवारी तीन-चार गरजू घरांना जायचा. पण पंचवीस घरांचा तांदूळ एकत्र आला की त्यात जाडा असतो, बारीक असतो, जुना, नवा, उकडा, सगळेच. तसाच शिजवला तर बारकाचा गोळा होतो आणि जाडा कच्चा राहतो. म्हणून आई आणि मावशी दुपारी दोनपासून सुपे घेऊन बसत. खडे काढत, आणि मग जाडा एकीकडे, बारीक एकीकडे. चाळणीने बरेच व्हायचे, उरलेले बोटांनी. सात-आठ किलोला चार तास.

मी एकदा हिशेब करून दाखवला होता, की दोन बायकांचे चार तास म्हणजे आठ तास, एवढ्या मजुरीत तांदूळच विकत येईल. मावशी हसली होती. आईने सूप थांबवले नाही. ती म्हणाली, की ज्या घरी हा तांदूळ जातो त्या घरच्या पोरांना ताटात बघून कळता कामा नये की हा मुठीमुठीने मागून आणलेला आहे. भात दुकानातून आणलेल्या तांदळासारखा झाला पाहिजे.

त्या दोघींच्या बोलण्यात अर्धे मराठी, अर्धे हिंदी, मध्ये 'हो'साठी 'हव'. सासूची नक्कल, पाळकीणबाईंच्या टोपीची नक्कल, मग एकदम एखादे गीत. मी कचेरीतून अर्ध्या दिवसाने आलो की ओसरीवर तो आवाज असायचा. घरात शिरताना मी चपला न वाजवता काढायचो, म्हणजे तो आवाज थांबू नये.

फेब्रुवारीच्या त्या रविवारनंतरच्या शनिवारी आई एकटी बसली. तिने दुसरे सूपही काढून ठेवले होते. पाच वाजता तिने ते उचलून खिळ्याला टांगले. काम रात्रीच्या जेवणापर्यंत चालले.

दोन आठवड्यांनी ती तेलीबांध्याला जाऊन आली. मावशीने चहा केला, विचारपूस केली, चर्चचे नाव काढले नाही. घरी येऊन आईने मला समोर बसवले. तेव्हा मला कळले की डिसेंबरातल्या त्या सकाळी तिने मावशीच्या हातात पैसे ठेवताना सांगितले होते, हे उसने आहेत, जमेल तसे दे, आणि हे आपल्या दोघींत राहील.

मी म्हणालो, गरीब फंडातून उसने देता येत नाही. देणगीचा पैसा आहे, तो मदत म्हणूनच जातो. परत आला तर जमा कुठे करणार? वहीत तसा रकानाच नाही.

आई म्हणाली, "तुह्या वहीत रकाना नाही म्हणून तिनं नवऱ्याले खैरातीच्या पेटीत घालावं काय?"

मी पाळकांचे बोलणे पुढे केले. त्यांनी नाताळाच्या आधीच प्रवचनात सांगितले होते, की गरिबाला दिलेले देव स्वतःच्या नावावर लिहून घेतो.

"मंग देवाच्या नावावर लिहायचं होतं. तिच्या नावावर काहून वाचलं?"

मी नियम पुन्हा सांगितला.

आमच्या घरांमध्ये उसने म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हते असे नाही. वाटीभर साखर जाते, वाटीभर येते. घेणारी मान खाली घालत नाही, कारण परवा देणारीच तिच्या दारात तेलासाठी उभी असते. पण मी ते वाटीचे समजत होतो. माणसाच्या दफनाला ते लागू होते हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

आईच्या आग्रहावरून मी पुढच्या जानेवारीत कमिटीपुढे विषय काढला. एका कुटुंबाला घेतलेली मदत फेडायची आहे, ती उसनवारी म्हणून लिहून घ्यावी का? सेक्रेटरी निवृत्त हेडमास्तर होते. ते म्हणाले, "बाबूजी, अब आप बैंक खोल लीजिए, ब्याज भी लगाइए।" सगळे हसले, मीही हसलो. पाळक हसले नाहीत. त्यांचे म्हणणे विचार करण्यासारखे होते. एकाने फेडले आणि ते वाचले गेले, तर जे फेडू शकत नाहीत त्यांनी काय करायचे? त्यांच्या मानेवर ओझे येईल. कृपा ही फेडायची गोष्ट नाही, आपल्यापैकी कोणी ती फेडली आहे? मला हे पटले. त्यांचे तत्त्व बरोबर होते, याविषयी मला आजही शंका नाही. ठराव झाला की यापुढे नावे वाचायची नाहीत. वाचलेल्या नावाचे काय करायचे, यावर ठराव झाला नाही. आईला मी एवढेच सांगितले की विषय मांडला होता.

त्याच वर्षी मावशी तेलीबांध्याची खोली सोडून मुलाकडे बीरगांवला गेली. मुलगा तिथल्या उरला औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात कामाला होता. आई शनिवारी दुसरे सूप काढायची थांबली. मूठदानही हळूहळू बंद झाले. सुना म्हणू लागल्या की पैसेच टाकतो. पैशांची मोजदाद सोपी होती, खडे नव्हते.

२००६ च्या पावसाळ्यात आईची किडनी गेली. जुलैत तिने मला सांगितले, "तिले एकदा पाहून घेतो मी." नाव घेतले नाही.

मी स्कूटरवर बीरगांवला गेलो. पत्ता नीट नव्हता, दीड तास विचारत फिरलो. मावशी नळावर होती. दोन वर्षे पाच महिन्यांनी मी तिला पाहत होतो. ती बारीक झाली होती, पण कमरेवरची घागर सरळ होती. तिने मला खोलीत बसवले, पाणी दिले. मी आईचे सांगितले आणि मग, सांगायचे ठरवले नव्हते तरी, माझे चुकले असे म्हणालो.

ती म्हणाली, "मी गरीब आहे हे मले माहीत आहे बाबू, त्याची लाज नाही. पण हा माणूस गरीब म्हणून नाही गेला. पॉलिशवाला होता. पाच-पाच साहेब त्याची वाट पाहत होते. तू त्याले गरीब फंडातून मातीत घातलं, अन् सगळ्याईनं ऐकलं."

एवढे बोलून तिने पातळ बदलले, ट्रंक उघडून काहीतरी कमरेला खोचले आणि स्कूटरवर माझ्या मागे बसली.

आईच्या खोलीत मी दारापाशीच थांबलो. मावशी आईच्या पायापाशी बसून पाय चेपू लागली आणि म्हणाली, की बाई, काय वाळली हो, सुपात घातली तर उडून जाशील. आई हसली. त्या महिन्यात ती पहिल्यांदा हसली. तासाभराने मावशीने कमरेची पुरचुंडी काढली. पन्नासाच्या आणि दहाच्या नोटा, सहाशे रुपये. ते तिने आईच्या हातात ठेवले आणि म्हणाली, हे उसन्यातले.

मी पुढे होणार होतो. आजारी बाईला पैसे कसले देता, राहू द्या, असे माझ्या तोंडाशी आले होते. आईने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने दोन्ही हातांनी नोटा घेतल्या, दोनदा मोजल्या आणि विचारले, "बाकी किती राहिले?"

"साडेबाराशे."

"हव," आई म्हणाली आणि नोटा उशीखाली ठेवल्या.

मावशीचा चेहरा मी तेव्हा पाहिला. आमच्या ओसरीवर शनिवारी असायचा तसा तो झाला होता. पंधरा वर्षे आकडे जुळवून मी कोणाच्या चेहऱ्यावर तसे काही आणले नव्हते.

आई ऑगस्टमध्ये गेली. मावशी दफनाला आली, माती टाकली, आणि फाटकाबाहेर मला बाजूला घेऊन विचारले, की बाई तर गेली, आता राहिलेले मी कोणाला द्यायचे? मी म्हणालो, चर्चमध्ये दान म्हणून टाका. ती नको म्हणाली. दान ती वेगळे टाकत होती, बीरगांवच्या प्रार्थनाघरात, दर रविवारी. हे दान नव्हते. मग मी म्हणालो, सोडून द्या मावशी. हे मी म्हणायला नको होते. तिने पदर सारखा केला आणि बस पकडायला गेली.

उशीखालचे सहाशे रुपये माझ्याकडे आले होते. ते कोणाचे हे मला ठरवता येईना. फंडाचे म्हणावे तर फंडात त्यांना जागा नव्हती. आईचे म्हणावे तर कशाच्या आधारावर? मी खजिनदाराचे जुने कागद काढले आणि १६ डिसेंबर २००३ चे व्हाउचर शोधले. रक्कम अठराशे पन्नास. खाली, पैसे मिळाले, याच्यापुढे सही आईची होती. मीच तिची सही घेतली होती, नियम म्हणून, आणि विसरलो होतो. नोंदवहीत उतरवताना मी घेणाऱ्याच्या जागी मावशीचे नाव लिहिले, कारण पैसे शेवटी तिच्याकडे गेले हे मला माहीत होते. पण फंडाने पैसे मावशीला दिलेच नव्हते. फंडाने माझ्या आईला दिले होते. आईने मावशीला उसने दिले, तो दोन घरांतला व्यवहार होता.

म्हणजे देणे आमचे होते. मी आईचे सहाशे आणि माझ्या पगारातले साडेबाराशे मिळून अठराशे पन्नास फंडात भरले आणि पावती फाडली. पाळकांना आधी जाऊन सांगितले, कारण त्यांचे तत्त्व मोडायचे नव्हते. त्यांनी व्हाउचरवरची सही वाचली. मग म्हणाले, चूक मोठ्याने वाचली गेली होती, दुरुस्तीही मोठ्याने वाचा.

४ फेब्रुवारी २००७ च्या रविवारी मी खजिनदार म्हणून शेवटचा हिशेब वाचला. त्यात सांगितले, की तीन वर्षांपूर्वीची सातवी नोंद माझ्या हातून चुकीची झाली. ती रक्कम माझ्या आईने घेतली होती आणि ती तिच्या घरच्यांनी परत केली आहे. ज्यांचे नाव मी वाचले होते त्यांनी गरीब फंडातून एक रुपयाही घेतलेला नाही. मावशीचे नाव मी पुन्हा, पूर्ण आणि मोठ्याने घेतले. त्या दिवशी छान ऊन होते. तिसऱ्या बाकावर दुसरीच माणसे बसली होती, तरी वाचताना मी तिकडेच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर बीरगांवला जाऊन मी मावशीला सांगितले. तिला आधीच कळले होते. म्हणाली, चार जणींनी येऊन सांगितले, आणि प्रत्येकीने मीच पहिली सांगतेय असे म्हटले. मग मी मुद्द्यावर आलो. आईचे देणे-घेणे आता माझ्याकडे आहे, बाकी साडेबाराशे. तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि मान डोलावली.

त्यानंतर ती येऊ लागली. एप्रिल २००७ ला तीनशे. पुढच्या वर्षी होळीनंतर अडीचशे. २००९ च्या मार्चमध्ये साडेतीनशे. दर वेळी शनिवार, दर वेळी दुपार. बीरगांवहून दोन वाहने बदलून यायची. मी पैसे मोजून घ्यायचो आणि बाकी सांगायचो. मग चहा, मग ओसरीवर बसणे. ती आईच्या गोष्टी सांगायची. लग्न होऊन आई रायपूरला आली तेव्हा तिला चर्चच्या पायरीवर रडताना हिनेच पाहिले होते, हे मला तिच्याकडून कळले. माझी मुलगी मराठी समजते पण बोलत नाही, ती हिंदीत विचारायची आणि मावशी वऱ्हाडीत सांगायची. मी आतल्या खोलीत कागद घेऊन बसायचो आणि एक अक्षर वाचायचो नाही. आवाज एकच होता, पण त्याच्या मधल्या जागांत दुसरा आवाज कुठे बसायचा ते मला ठाऊक होते.

मी बायकोला एकदा म्हणालो, की ही बाकी संपू नये असे वाटते. आजवरच्या तीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्या कोणत्या खात्याविषयी मला असे वाटलेले नाही. बायको म्हणाली, मग पुढच्या वेळी कमी घ्या. ते शक्य नव्हते. कमी घेतले असते तर मावशीने ओळखले असते.

नोव्हेंबरात ती आली तेव्हा सोबत मुलगा होता, कारण तिला आता बसमध्ये एकटीने चढवत नव्हते. मुलाची बदली झाली होती, कारखान्याच्या दुसऱ्या शाखेत, ओडिशाकडे. घरातले सामान गेले होते, सोमवारी माणसे जाणार होती. तिने नोटा दिल्या. मी हळू मोजल्या. मुलाने घड्याळ पाहिले. ती म्हणाली, "बाबू, झालं ना पुरं?" मी हो म्हणालो. तिने विचारले, या पैशांचे काय करशील? मी म्हणालो, दान करीन, आईच्या नावाने. तिने मान हलवली. म्हणाली, असे नको करू, घरात खर्च कर, आपला पैसा माणूस खर्च करतो तसा. चहा अर्धाच झाला. फाटकापाशी तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, छोटी, रस्त्यावरच. रिक्षा मोहल्ल्याच्या वळणापर्यंत दिसत होती, तोवर मी उभा होतो.

सोमवारी त्या पैशांचा महिन्याचा किराणा आणला. त्यात पाच किलो बारीक तांदूळ होता.

तारीख २१ नोव्हेंबर २००९, शनिवार. हजर: मावशी, तिचा मुलगा, माझी बायको, मुलगी आणि मी. शेवटची रक्कम तीनशे पन्नास रुपये. आधीचे धरून एक हजार आठशे पन्नास, पूर्ण. देणारी मावशी. मिळाले माझ्या आईला. ती नसल्यामुळे मी घेतले.